पुराच्या दिवसांत टीव्ही लावायचा का रेडिओ?

मावसभाऊ बदली होऊन कोल्हापुरात आलाय, भाड्यानं घर घेतलं ते नेमकं नदीच्या अंगाला, आणि परवा फोनवर विचारत होता की पावसाळा तोंडावर आलाय तर आधी टीव्हीचं कनेक्शन घेऊ का नुसत्या रेडिओवर भागेल. त्याला अर्धा तास जे सांगितलं तेच इथं लिहितोय, दरवर्षी कुणी ना कुणी हे विचारतंच. किंमत, चॅनेल, रिचार्ज तुम्हाला माहितेय, ते सोडून देतो. दोघंही तोच पूर सांगतात, पण सांगायची तऱ्हा इतकी वेगळी की टीव्हीवाल्या घरातला पूर आणि रेडिओवाल्या घरातला पूर एकच आहे असं वाटतच नाही.

टीव्हीला चित्र लागतं. पुराचं सोपं चित्र म्हणजे पाण्यात उभा माणूस, मग रिपोर्टर कमरेएवढ्या पाण्यात शिरून ओरडत असतो, आणि कॅमेरा चुकून जरा डावीकडं वळला की मागं चारजण पँटी दुमडून निवांत चहा पिताना दिसतात. वर लाल गोल, बाण, ढॅणढॅण म्युझिक आणि तीच वीस सेकंदांची क्लिप दिवसभर. राधानगरी धरणाचा दरवाजा उघडला की फेसाळतं पाणी असं दाखवतात की अंगावर काटा येतो, पण ते पाणी माझ्या गल्लीत येणार का, कधी येणार, हे त्या काट्यातून कळत नाही.

तरी टीव्हीला नावं ठेवून मोकळं होणं बरोबर नाही. २०१९ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, ट्रकांच्या रांगा लागल्या, ते वरनं घेतलेलं चित्र बाहेरच्यांनी बघितलं म्हणून तर टेंपो भरभरून मदत आली. रेडिओवर "वाहतूक ठप्प" ऐकून कोण टेंपो भरतं? आणि आमची आत्या नदीकाठच्या आंबेवाडीची, रेडिओवर दोनदा सूचना ऐकून पण हलेना, म्हणे २००५ ला पण असंच सांगत होते. शेवटी शेजारच्या पोरानं मोबाईलवर जवळच्या चिखली गावाकडचा व्हिडिओ दाखवला तेव्हा पिशवी भरली. म्हणजे डोळ्यांना जे पटतं ते कानाला पटेलच असं नाही, हे मान्य.

आता रेडिओ. त्याच्याकडं दाखवायला काही नसतं म्हणून त्याला नीट सांगावं लागतं. "आज सकाळी सात वाजता राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी अमुक फूट अमुक इंच." कधी, कुठं, किती, सगळं एका वाक्यात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे इथल्या शाळकरी पोराला पण पाठ असतं, त्यामुळं आकडा ऐकला की पुढची गोष्ट आपणच लावतो. मग धरण. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे, एकेका दरवाजातनं १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी, सातही उघडले की नुसत्या दरवाजांचंच दहा हजारांच्या आसपास, आणि ते पाणी इथं पोचायला काही तास जातात. रेडिओवाला आधी धरण सांगतो, मग नदी, मग बंद रस्ते. पाणी ज्या क्रमानं येतं त्याच क्रमानं बातमी येते. टीव्हीवर आधी बुडालेलं घर, मग मंत्र्यांचा दौरा, मग धरण, मग परत तेच घर.

आमचे बाबा कालनिर्णयच्या त्या त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीनं आकडे लिहायचे, ४१ फूट २, ४१ फूट ९, आणि दोन आकड्यांतला फरक बघून ठरवायचे की आज तांदळाचं पोतं माळ्यावर टाकायचं का उद्या. कुठल्या फुटाला सुतारवाडा, कुठल्या फुटाला जामदार क्लब असल्या सखल भागांत पाणी शिरतं, हा नकाशा त्यांच्या डोक्यात होता, रेडिओ फक्त आकडा पुरवायचा. टीव्हीसमोर बसून असं काही लिहिताना मी त्यांना कधी बघितलं नाही, तिथं ते फक्त च्‌ च्‌ करायचे.

रेडिओची रड पण आहेच. विसर्ग, सखल भाग, सतर्कता, असली भाषा, आणि आवाज कांद्याचा भाव सांगावा तसा थंड, त्यामुळं नवीन माणसाला प्रकरण किती गंभीर आहे ते कळतच नाही. बातम्यांच्या मधल्या वेळात बाहेर पाणी चढत असताना इकडं गाणी चालू. २०२१ च्या जुलैत तर पाणी इतक्या झपाट्यानं चढलं की सातचा आकडा दहाला शिळा व्हायचा. अशा वेळी मोबाईल बरा म्हणाल, पण रेंज गेली की त्याचा आरसा होतो.

आता माझं कशानं ठरलं ते सांगतो. २०२४ चा जुलै. नदी धोका पातळीच्या वर, पण २०१९ ची गोष्टच नव्हती, आणि आमच्या गल्लीत पाणी यायला ४८ फूट लागतात, अजून अंतर होतं. रात्री अकराला पुण्याहून थोरल्या भावाचा फोन, "अरे तुमच्या गल्लीत बोटी फिरतायत, तुम्ही झोपलाय काय?" मी खिडकीतनं बघितलं, रस्ता ओला, कुत्रं झोपलेलं. टीव्ही लावला तर खरंच आमची गल्ली, खरंच बोट, छातीएवढं पाणी. एक मिनिट मलाच कळेना की खिडकी खोटी का टीव्ही. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलचा हिरवा बोर्ड दिसला. ते मेडिकल लॉकडाऊनमध्ये बंद झालं, आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. पाच वर्षांपूर्वीचं चित्र, त्यावर तारीख नाही, वेळ नाही, जुनं आहे हे कोपऱ्यात बारीक अक्षरात पण नाही, आणि खाली पट्टी मात्र आजची. तोवर आईनं देवघरातले टाक आणि घराची कागदपत्रं पिशवीत भरली होती, बीपीची गोळी घेऊन ती पहाटेपर्यंत जिन्यातच बसून राहिली. भाऊ तर गाडी काढून साताऱ्यापर्यंत आला होता, त्याला तिथनं परत पाठवला.

चॅनेल कुठलं ते महत्त्वाचं नाही, बाकीचे असलं करत नसतील असंही मला वाटत नाही. पण तेव्हापासनं पुराचं चित्र बघितलं की माझा पहिला प्रश्न "कधीचं?" हाच असतो, आणि उत्तर पडद्यावर क्वचितच असतं. रेडिओ चुकतो, उशीर करतो, खरखरतो, पण सात वाजताचं म्हणाला की ते सात वाजताचं असतं. शिळं असलं तरी किती शिळं ते कळतं. बाकी पाणी सबस्टेशनला लागलं की लाइट जाते आणि टीव्ही आपोआपच गप्प होतो, २०१९ ला आमच्याकडं तेच झालं, पण हे कारण माझ्या लेखी दुसऱ्या नंबरचं.

कदाचित तुमचं घर उंचावर असेल, नातेवाईक इथं आणि तुम्ही बाहेरगावी असाल, तर टीव्हीच बरा पडेल, एकूण आवाका त्यातच कळतो. फक्त फोन करायच्या आधी एकदा दुकानांचे बोर्ड बघा. नदीकाठी राहत असाल तर मी तरी रेडिओकडं झुकेन.

मावसभावानं सगळं ऐकून घेतलं आणि कनेक्शन टीव्हीचंच घेतलं, वहिनींच्या मालिका आहेत. माझा जुना रेडिओ त्याला देतोय. आकाशवाणी कोल्हापूरच्या १०२.७ ला खूण करून ठेवलीय, सेलचं झाकण हरवलंय तेवढं रबर लावून घे म्हटलं, आणि पेन्सिल सेल आताच आण, पाणी चढल्यावर दुकानात मिळत नाहीत.