चित्रतक्ता : गणपती ते शिमगा वापरून

आमचा मुलगा पाच वर्षांचा. ऑटिझम आहे, शब्द मोजकेच. ठरलेलं काही बदललं की डोकं आपटायचं, नाहीतर समोरच्याचा हात चावायचा. थेरपिस्टनी सुचवलं म्हणून गणपतीच्या तोंडावर भिंतीला चित्रतक्ता लावला. दिवसभरात काय काय होणार त्याची चित्रं वरून खाली, झालेलं चित्र काढून पिशवीत. आता शिमगा उरकलाय.

ऑनलाइनचा तयार संच आम्हाला फुकट गेला. त्यात सँडविच, पिवळी स्कूलबस आणि बाथटब. गुहागरात आमच्याकडे पेज, लाल एसटी आणि बादली. त्यातून ती रेखाचित्रं, त्यांचा खऱ्या वस्तूशी संबंध पोराला लागेना. मग त्याच्याच ताटाचा, त्याच्याच बादलीचा, ओटीवरच्या झोपाळ्याचा फोटो काढला, ते त्याने लगेच ओळखले.

दुसरी अडचण आपल्या हवेची. वेल्क्रोचा गोंद दमट भिंतीवर टिकत नाही. चुंबकाची कार्डं पत्र्यावर लावून पाहिली, खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजला. शेवटी शिंप्याकडून जाड रेक्झिनवर वेल्क्रोची पट्टी शिवून घेतली, ती अजून शाबूत आहे. लॅमिनेशन कापताना चित्राच्या चारी बाजूंना थोडं प्लास्टिक सोडा, नाहीतर कडेतून पाणी शिरतं.

आता मुख्य. तक्त्याने मूल वळणावर येईल या आशेने लावणार असाल तर जरा थांबा. बांधले जातात मोठेच. संध्याकाळचं 'समुद्र' लावलंय आणि पाहुणे आले म्हणून रद्द केलं, की पोर तक्त्याकडे बघणंच सोडतं. म्हणून 'बदल' नावाचं एक वेगळं कार्ड लागतं. थेरपिस्टनी ते आधी चांगल्या बदलांना वापरायला सांगितलं: गिरवण्याऐवजी झोपाळा, भाताऐवजी घावणे. बरेच आठवडे असंच चाललं. मग पावसाने समुद्र रद्द झाला तेव्हा तेच कार्ड दाखवलं. रडला, पण चावला नाही. सासूबाई म्हणायच्या, "जेवायलासुद्धा फोटो दाखवायचे का आता?" हल्ली तक्ता बदलायला विसरले तर त्याच ओरडतात.

'थांब' हे सगळ्यात उपयोगी कार्ड. घरी काही सेकंदांपासून सुरुवात केली. कार्ड त्याच्या हातात, वेळ संपली की कार्ड परत घ्यायचं आणि हवी ती वस्तू तिथल्या तिथे द्यायची. माझं माहेर दापोलीचं, त्यामुळे धोपाव्याला दाभोळच्या फेरीची वाट बघावी लागते. पूर्वी गाडीतून उतरून जेटीवर धावायचा, आता कार्ड धरून बसतो. फेरीला फारच उशीर झाला तर कार्डही पुरत नाही.

मागण्यासाठीची कार्डं वेगळी ठेवा. चित्र देऊन वस्तू मागायची ही पद्धत १९८५ मध्ये अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी तयार केली, तिला पेक्स म्हणतात. आमचा मुलगा आता कोकम सरबताचं कार्ड आणून हातात देतो. पूर्वी त्याच सरबतासाठी फ्रिजवर लाथा बसायच्या. चित्रांची सवय लागली की मूल बोलायचं राहतं, अशी भीती नातेवाईक घालतात. संशोधनात तसं दिसलेलं नाही.

जे झालं नाही तेही सांगते. समुद्राच्या फोटोवर लाल फुली मारून दाराला लावली, तरी संधी मिळाली की तो किनाऱ्याकडे पळतोच. त्याला इलाज दाराच्या वरच्या टोकाला बसवलेली कडी. शिमग्यात पालखी घरी येणार हे तक्त्यावरून त्याला कळलं, पण ढोल कळून काय उपयोग, तो कानांना सोसतच नाही. तिथे कान झाकणारे इअरमफ आणि मागची खोली.

तपासणीच अजून झाली नसेल तर तक्त्याआधी ती करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ती १८ वर्षांपर्यंत मोफत होते, जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. कार्डं मात्र चिपळूणला जाल तेव्हा एकदम लॅमिनेट करून आणा, आणि 'थांब'च्या जास्तीच्या प्रती काढा. तेच सारखं हरवतं.