९० जीएसएमचं पीपीई किट: विलगीकरण वॉर्डातल्या सिस्टरांनी काय बघून घ्यावं

‘९० जीएसएम (चौरस मीटरला ९० ग्रॅम वजनाचं कापड) आहे, जाड आहे,’ एवढ्यावर किट घेऊ नका. कव्हरऑल (डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकणारा सूट) आतून उलटा करून शिवण बघा. टेप सगळीकडे चिकटलेली हवी. काखेत आणि मांड्यांच्या जोडात ती आधी सुटते, कारण रुग्णाला कुशीवर वळवताना ताण तिथेच येतो. या किटची टेप तिथेही टिकते, चेनवरची पट्टीही हनुवटीपर्यंत नीट बसते. माप एक नंबर मोठं घ्या आणि घालून उकिडवं बसून बघा.

खरा त्रास उकाड्याचा. कापडावरच्या प्लास्टिकच्या थरातून (लॅमिनेशन) वारा आत येत नाही. लातूर-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, तेव्हा तासाभरात आतले कपडे ओले होतात, पाठीवर घामोळ्या उठतात. २०२०-२१ मध्ये कित्येक सिस्टरांनी पाणी न पिता, लघवी दाबून, पाळीतसुद्धा पूर्ण ड्यूटी काढली. एकदा काढलेलं किट पुन्हा घालता येत नाही आणि दुसरं मिळण्याची खात्री नसे. तेव्हा रुग्णालयांनी एका ड्यूटीला माणशी दोन किट धरूनच खरेदी करावी. ही चैन नव्हे.

सोबतचा गॉगल सुमार आहे. श्वासाच्या वाफेने धुकं धरतो, सलाईनचे थेंब मोजता येत नाहीत. एन-९५ मास्कची नाकावरची पट्टी दाबून वरच्या कडेला मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी) लावला की बराच फरक पडतो. दोन ग्लोव्हजमधून शीर बोटाला लागत नाही. आतला अगदी मापाचा, बाहेरचा अर्धा नंबर मोठा ठेवा. बुटांची कव्हरं ओल्या शहाबादी फरशीवर घसरतात, जपून.

रुग्णाला चेहरा दिसत नाही, म्हणून छातीवर मार्करने ठळक नाव लिहा. घरचं कुणी जवळ नसलेल्या आजीला निदान नावाने हाक मारता येते.

संसर्गाचा धोका काढताना जास्त, कारण तेव्हा माणूस थकलेला असतो. आधी बाहेरचे ग्लोव्हज, मग चेहऱ्यावरची पारदर्शक शील्ड आणि गॉगल, मग कव्हरऑल डोक्याकडून खाली, आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत. मास्क सगळ्यात शेवटी, वॉर्डाबाहेर, मागच्या पट्ट्या धरून. प्रत्येक पायरीनंतर हात स्वच्छ करा. कव्हरऑल आणि मास्क पिवळ्या पिशवीत, गॉगल, शील्ड आणि ग्लोव्हज लाल पिशवीत.