महिन्याचा बाजार कुठे भरावा: वाण्याची चिठ्ठी, सुपरमार्केटची ट्रॉली की मोबाइलवरचे ॲप?

सांगली गावभागातून विश्रामबागेत नुकत्याच राहायला गेलेल्या एका घराने मला विचारले की, आता वाणसामान कुठून भरावे. जुना वाणी पाच किलोमीटर दूर राहिला होता, नव्या घराजवळ सुपरमार्केट होते आणि मोबाइलवर ॲप तर होतेच. असा प्रश्न आला की साधारणपणे भाव, अंतर आणि वेळ यांची तुलना होते. या घराची अडचण मात्र वेगळी होती. महिन्याची डाळ महिनाभर पुरत होती, पण तिच्याबरोबर आलेली वेफर्सची पाकिटे आणि क्रीमची बिस्किटे तिसऱ्या दिवशीच संपत होती, आणि ती यादीत कुणी लिहिलीच नव्हती. म्हणून इथे मी एकच कसोटी धरली आहे: यादीत नसलेले अरबटचरबट कोणत्या वाटेने घरात सर्वांत कमी येते? मनावर ताबा ठेवा, हा सल्ला मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे, कारण मोह होतो त्या घटकेला आपण कुठे उभे आहोत आणि हातात काय आहे, यावर त्या ताब्याची ताकद बरीचशी ठरते, असे माझे मत आहे.

हे अरबटचरबट थोडे मोजून पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाला वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आणि मीठ ५ ग्रॅमच्या आत असावे. नेहमीच्या गोड शीतपेयात १०० मिलिलीटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलिलीटरच्या एका बाटलीतच दिवसाचा वाटा संपतो. बटाट्याच्या तळलेल्या वेफर्समध्ये १०० ग्रॅमला पाचशेहून अधिक किलोकॅलरी असतात, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक तेलातून आलेल्या असतात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे आणि चॉकलेट यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर, तर फरसाण-शेव आणि झटपट नूडल्स यांवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला. शीतपेये तेवढी ४० टक्क्यांच्या दरात बसवली गेली. त्यामुळे महाग आहे म्हणून नको, हे कारण बाटलीपुरते उरले आहे आणि पाकिटांच्या बाबतीत ते पूर्वीपेक्षाही लंगडे झाले आहे.

आता वाण्याचे दुकान. इथे गिऱ्हाईक आणि माल यांच्यामध्ये एक फळी असते, आणि माझ्या दृष्टीने त्या दुकानाचा सगळा गुण त्या फळीत आहे. चिठ्ठी पुढे सरकवली की आतला माणूस ती मोठ्याने वाचत जातो: तूरडाळ दोन किलो, पोहे जाड एक किलो, शेंगदाणे अर्धा, गूळ एक. प्रत्येक जिन्नस तराजूवर येतो, कागदात किंवा पिशवीत बांधला जातो, आणि चिठ्ठीवर पेनाची एक रेघ पडते. या सगळ्यात आपला हात मालाला लागतच नाही. क्रीमची बिस्किटे हवी असतील तर ती तोंडाने मागावी लागतात, आणि मागे उभ्या असलेल्या शेजारच्या काकूंना ते ऐकू जाते. चाळिशीतल्या माणसाला चार जणांत दोन पुडे क्रीम बिस्किटे मागताना जरा संकोच वाटतो, तीच बिस्किटे सुपरमार्केटच्या मांडणीवरून उचलून ट्रॉलीत टाकताना वाटत नाही. हा संकोच फुकट मिळणारा पहारेकरी आहे. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९१६ साली पिगली विगली नावाचे दुकान निघाले, आणि गिऱ्हाइकाने स्वतः आत फिरून माल उचलायचा ही रीत तिथून रुजली. त्याआधी तिकडेही यादी फळीवर ठेवून उभे राहण्याचीच पद्धत होती. नोकरांचा खर्च वाचवणारी ती युक्ती होती, पण तिने मधली फळी काढून टाकली आणि तिच्याबरोबर मागण्याचा तो क्षणही गेला.

वाण्याला निर्दोष ठरवण्याचा मात्र माझा विचार नाही. दुकानाच्या दर्शनी भागात पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा लोंबत असतात, आणि त्या इतक्या खाली असतात की सहा वर्षांच्या मुलाचा हात सहज पोहोचतो. फळीवर बरण्या असतात, त्यांत गोळ्या आणि चॉकलेटे. पूर्वी सुटे नाहीत म्हणून दोन रुपयांऐवजी दोन चॉकलेटे हातावर ठेवली जात. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आल्यापासून हा प्रकार जवळजवळ थांबला, ही त्या सोयीची फारशी कुणी न केलेली वाखाणणी इथे करून ठेवतो. दुसरा दोष उधारीच्या वहीचा. महिनाभर पोराला कोथिंबिरीसाठी किंवा दह्यासाठी पाठवले की येताना तो एक पुडा घेतो, तो वहीत ‘किरकोळ’ म्हणून चढतो, आणि महिनाअखेरीस किरकोळची बेरीज तेलाच्या डब्याशी स्पर्धा करते. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर आणि मीठ असलेले पदार्थ मुलांना विकण्यास २०२० च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे, पण घराच्या कोपऱ्यावरचे दुकान त्या ५० मीटरमध्ये येत नाही. तेव्हा वाण्याकडे जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात: वहीवर खाऊ चढवायचा नाही, हे दुकानदाराला स्पष्ट सांगावे, आणि महिन्याची चिठ्ठी मोठ्या माणसानेच न्यावी. सांगितले की दुकानदार ऐकतात. ‘वहिनी, पोरगं वेफर्स मागतंय, देऊ का?’ असा फोन मी स्वतः ऐकला आहे, आणि असा फोन दुसऱ्या कोणत्याही वाटेने येणार नाही.

सुपरमार्केटची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तिथे आपण आणि माल यांच्यात काहीच नसते. डाळ, तांदूळ, तेल या ज्यांच्यासाठी घरातून निघालो त्या वस्तू बहुधा आतल्या बाजूला असतात आणि तिथवर जाणारी वाट बिस्किटे, नूडल्स आणि शीतपेये यांच्यामधून जाते. रांगेच्या टोकाला, जिथे ट्रॉली वळवताना आपण क्षणभर थांबतो, तिथे ‘एकावर एक मोफत’ची रास लावलेली असते. शेवटी पैसे देण्याच्या रांगेत, पाय दुखत असताना आणि करण्यासारखे काहीच नसताना, कमरेच्या उंचीवर चॉकलेटे. यातले काहीही योगायोगाने घडत नाही, आणि ते किती परिणामकारक आहे याची साक्ष कायद्याने दिली आहे: इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांना असे पदार्थ प्रवेशद्वाराशी, रांगांच्या टोकांशी आणि पैसे घेण्याच्या जागी मांडण्यास बंदी झाली, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून त्यांच्यावरच्या ‘एकावर एक मोफत’सारख्या सवलतींनाही. आपल्याकडे असा नियम नाही, त्यामुळे ती बंदी आपली आपणच घालून घ्यावी लागते.

माझ्याकडे मागच्या पावसाळ्यातले एक बिल जपून ठेवलेले आहे. चिठ्ठीत सतरा जिन्नस होते, बिलावर सव्वीस ओळी निघाल्या. जास्तीच्या नवांपैकी एक भांडी घासायची जाळी, एक अगरबत्ती, आणि उरलेले सात सगळे खाण्याचे. त्या संध्याकाळी मी कचेरीतून परस्पर गेलो होतो, दुपारचा डबा एक वाजता खाल्लेला होता, बाहेर पाऊस लागला होता आणि आत थंडगार उजेड होता. दुकानाला दोष मी देणार नाही. ‘पाऊस थांबेपर्यंत फिरू’ हा विचार माझाच होता, आणि बिलावरच्या त्या सात ओळी त्या विचाराच्याच होत्या.

तरीही सुपरमार्केटचा एक मोठा गुण आहे, आणि प्रामाणिक तुलनेत तो सांगितलाच पाहिजे: तिथे पाकीट हातात घेऊन, उलटे करून, घाई न करता वाचता येते आणि कुणाच्या भिडेशिवाय परत ठेवता येते. वाण्याने एकदा फळीवर आणून ठेवलेला पुडा परत करणे अनेकांना जमत नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, तेव्हा पहिल्या तीन नावांत साखर, मैदा आणि पामतेल आले की पुढे वाचण्याची गरज राहत नाही, मग पाकिटाच्या पुढच्या बाजूला गव्हाची ओंबी काढलेली असो वा बदामाचे चित्र. पोषणाच्या तक्त्यात ‘एका वेळचे प्रमाण’ म्हणून जो आकडा असतो तो पुष्कळदा दोन बिस्किटांचा असतो. म्हणून १०० ग्रॅमचा रकाना पाहावा आणि त्यातली वरून घातलेली साखर वेगळी पाहावी. घरात मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे कुणी असेल तर एवढ्या एका कारणासाठी महिन्यातून एक फेरी इथे मारण्यासारखी आहे. वाण्याकडच्या बरणीतल्या सुट्या शेवेवर असा तक्ता नसतो, आणि ती कोणत्या तेलात व कधी तळली हे दुकानदाराच्या शब्दावरच सोडावे लागते.

ॲपविषयी माझे मत दोन भागांत विभागलेले आहे. दिवसा, जेवण झाल्यावर, चिठ्ठी शेजारी ठेवून शोधाच्या चौकटीत एकेक नाव लिहीत गेले तर हा तिन्हींतला सर्वांत कोरडा मार्ग आहे: वास नाही, रास नाही, हट्ट करणारे मूल नाही, आणि बेरीज प्रत्येक जिनसाबरोबर डोळ्यांसमोर वाढत असते. टोपली भरून तशीच ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहून मगच पैसे भरावेत. रात्री हवेहवेसे वाटलेले अर्धे पदार्थ सकाळी अनोळखी वाटतात. पण तेच ॲप रात्री दहाला, आडवे पडून, काही न शोधता नुसते चाळायला घेतले की ते सुपरमार्केटहून वाईट ठरते. मागच्या वेळी घेतलेली बिस्किटे ते आपल्याहून चांगली लक्षात ठेवते. शिवाय घरपोच पोहोचवणुकीचा आकार वाचवायला आणखी साठ-सत्तर रुपयांचा माल घ्या, असे सांगते, आणि ती जागा मी आजवर कधीही मुगाच्या डाळीने भरलेली नाही. ज्या ॲपवरून माल दुसऱ्या दिवशी येतो ते तत्काळ आणून देणाऱ्यापेक्षा या कसोटीवर बरे, कारण मधल्या रात्रीत इच्छा ओसरते.

गणपती पेठेतल्या घाऊक दुकानांचा उल्लेख केला नाही तर सांगलीकर रागावतील. हळद, मिरची, डाळी आणि साखर वर्षाची किंवा सहामाहीची भरायला ती जागा उत्तम आहे, आणि तिथल्या गर्दीत, हमालांच्या हाकांत मोह व्हायला उसंतच मिळत नाही. मात्र वेफर्सचा किंवा बिस्किटांचा खोका ‘स्वस्त पडतो’ म्हणून घेऊ नये. तो घरात आला की महिनाभर पुरत नाही, लवकर संपवला जातो. भाजीच्या मंडईबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही, कारण तिथे मोह भजी-वड्याच्या गाडीचा असतो आणि तो घरी येत नाही, तिथेच संपतो.

राहता राहिले भडंग. सांगलीत राहून भडंगाला अरबटचरबट म्हणण्याचे धाडस माझ्यात नाही, आणि चुरमुरे, शेंगदाणे, लसूण व तिखट यांच्या या मिश्रणात मैदा आणि साखरेचा भरणा नसतो हे खरेही आहे. पण तेल आणि मीठ त्यात आहेच, आणि पाव किलोची पिशवी फोडली की ती कुणी वाटीने खात नाही. मी ते चिठ्ठीत लिहून आणतो. यादीत लिहिलेला खाऊ आणि यादीबाहेरचा खाऊ यांत मी फरक करतो तो असा: पहिला घरी बसून, पोट भरलेले असताना ठरवलेला असतो. तासगावचे बेदाणे आणि भाजलेले शेंगदाणेही त्याच ओळीत लिहावेत, म्हणजे चार वाजता डबा उघडणाऱ्याला काहीतरी सापडते. घरात काहीच नसले की कोपऱ्यावरची माळ आपोआप जवळ येते.

तेव्हा विश्रामबागेतल्या त्या घराला मी असे सांगितले. महिन्याची मुख्य चिठ्ठी जवळच्या एखाद्या फळीवाल्या वाण्याकडे द्यावी, शक्य असल्यास व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून माल घरपोच मागवावा; भाव दोन-चार टक्के जास्त पडला तरी यादीबाहेरचे न आलेले सात जिन्नस तो फरक भरून काढतात. आमच्याकडचे पैसे तरी तसेच वाचतात. दोघेही रात्री आठनंतर घरी येणारे असतील आणि दुकानाची वेळ गाठता येत नसेल, तर रविवारी सकाळी नाश्ता करून ॲपवर यादी भरावी. घरात पाच ते दहा वर्षांचे मूल असेल तर सुपरमार्केटला त्याच्याशिवाय जावे. हे न जमल्यास दाराशीच एक वस्तू त्याने निवडायची असे ठरवावे आणि ती आधी ट्रॉलीत ठेवून मग डाळीकडे वळावे. शेवटच्या रांगेतली रडारड त्याने बरीच कमी होते. आणि सुपरमार्केटच हवे असेल, कारण वाणी पटत नाही किंवा भाव खरोखरच महत्त्वाचा आहे, तर ट्रॉली घेऊ नये, हातातली टोपली घ्यावी. पाच किलो आटा आणि दोन लिटर तेल तिच्यात ठेवून चालू लागले की बोटांना दांडी रुतते, आणि शीतपेयांच्या फळीशी माणूस थांबत नाही.