अ‍ॅडसर्क : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत समुद्र नसताना चक्रीवादळाच्या उधाणाचे मॉडेल कशासाठी, असे मला गेले आठ महिने विचारले जात आहे. नदीच्या पूरपातळीची आकडेमोड करण्यात वर्षे गेल्यावर किनाऱ्यावर पाणी कसे फुगते ते पाहावे, एवढाच हेतू होता. त्यासाठी मी ल्युटिक व वेस्टरिंक यांनी विकसित केलेले अ‍ॅडसर्क हे संगणकीय मॉडेल घेतले आणि २००८ च्या आइक चक्रीवादळात अमेरिकेतील गॅल्व्हेस्टनच्या खाडीत चढलेले पाणी सरावासाठी निवडले.

यात खिडक्या-बटणे नाहीत. फोरट्रानमधील कोड स्वतः कंपाइल करायचा आणि फोर्ट.१४ या फायलीत गणनेच्या क्षेत्राचे त्रिकोणांत तुकडे करणारे जाळे, फोर्ट.१५ मध्ये नियंत्रणाचे आकडे, फोर्ट.२२ मध्ये वारा द्यायचा. याला महिनाभर सरावलो.

खरी चूक पुढे झाली. आठ कोअरच्या यंत्राला झेपावे म्हणून मी जाळे खाडीपुढच्या पट्ट्यापुरतेच कापले. आइक १३ सप्टेंबरला किनाऱ्यावर आले, पण पाणी आदल्या दिवशीच, वारा किनाऱ्याला समांतर वाहत असताना, चढू लागले होते. माझ्या उत्तरात ही आगाऊ वाढ नव्हतीच. समांतर वाऱ्याने ढकललेला प्रवाह पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे, म्हणजे तेथे किनाऱ्याकडे, वळतो आणि रुंद, उथळ भूखंडमंचावर (किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावर) पाणी साचत जाते. ते साचणे मी कापलेल्या सीमेच्या पलीकडे सुरू होत होते. सांगलीच्या आयर्विन पुलाशीच कृष्णा नदी तोडून खालचा हरिपूरचा वारणा-संगम वगळला, तर वारणेचा फुगवटा असाच गणितातून निसटेल, हे मला आधीच सुचायला हवे होते. सीमा मेक्सिकोच्या आखाताबाहेर अटलांटिकमध्ये नेल्यावर खाडी वेळेवर भरू लागली, आणि उरलेली तूट तळाचे घर्षण चिखलाला साजेसे कमी केल्यावर बरीच भरून निघाली.

वीज जाण्याची सवय असलेल्यांना एक सोय आवडेल. पाच दिवसांचे वादळ एका सेकंदाच्या टप्प्याने चालवले की ४,३२,००० टप्पे होतात. मधली स्थिती फोर्ट.६७ आणि फोर्ट.६८ या फायलींत आलटून पालटून साठवता येते, त्यामुळे एक लिहिताना यंत्र बंद पडले तरी दुसरी शाबूत राहते. या पावसाळ्यात तिने मला चारदा वाचवले.

लाटांसाठी स्वान हे वेगळे मॉडेल जोडावे लागते आणि वेळ बराच वाढतो, म्हणून ते तूर्त बाजूला ठेवले आहे. बोलिव्हर रोड्स या खाडीच्या अरुंद तोंडाशी माझे त्रिकोण अजून मोठे असल्याने पाणी आत जाताना अडते. सध्या तेच बारीक करत आहे.