ब्लेड रनरची फोरके डिस्क, पाऊस बघावा तर असा

१९८२ चा ब्लेड रनर हा हॉलिवूडचा सिनेमा कॉलेजला असताना कुणाच्यातरी पेनड्राइव्हवरनं बघितलेला, निम्मा अंधारच दिसायचा, म्हणून आता फोरके, म्हणजे लई बारीक तपशील दाखवणारी डिस्क मागवली. कुरिअरवाल्यानं कोल्हापुरात राजारामपुरीत डबी चेपूनच आणून दिली, कोपरा फुटलेला, डिस्क शाबूत होती म्हणून गप्प बसलो. पण प्रिंट लई भारी राव! पंचविसाव्या वर्षासाठी २००७ ला फायनल कट, म्हणजे दिग्दर्शकाची शेवटची आवृत्ती काढली तेव्हा मूळ ३५ एमएम निगेटिव्ह फोरकेला स्कॅन केली आणि इफेक्टचे ६५ एमएमचे शॉट त्याहून बारीक, एटकेला, त्यामुळं सुरुवातीचं ते आग ओकणारं शहर आलं की एकेक खिडकीतला दिवा दिसतोय. सिनेमातली झोरा काचा फोडत पळते तिथं आधी स्टंटवाल्या बाईचा विग सरळ कळायचा, आता झोरा झालेल्या जोआना कॅसिडीचाच चेहरा बसवलाय, जोड सापडत नाही. रंग मात्र जरा हिरवटच केलेत, ते खटकलं. आपल्या गावात बाबूराव पेंटरांनी १९२० ला काढलेल्या सैरंध्री या मूकपटाची प्रिंटच उरली नाही, हे सारखं डोक्यात येत होतं. सिनेमात सारखा पाऊस कोसळतोय, आवाज मोठा ठेवला तर आई आतनं आली, पाऊस लागलाय काय रं, वरचं वाळवण काढ की!