कार्ल्याचा स्तूप आणि देहूरोडची मूर्ती

पुण्याहून लोणावळा लोकलने निघालं की आधी देहूरोड लागतं, पुढे कार्ल्यासाठी मळवली. दोन्हीकडे हात बुद्धासाठीच जुळतात, पण समोर दिसतं ते वेगळं.

कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे डोंगरात कोरलेल्या प्रार्थनागृहात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा स्तूप आहे, त्यावर मूर्ती नाही. दर्शनी भिंतीवरच्या बुद्धमूर्ती काही शतकांनंतर, महायान या पुढच्या बौद्ध पंथाच्या काळातल्या. महायानात बुद्ध लोकोत्तर, म्हणजे माणसापलीकडचा होतो, संकटात अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाला हाक मारता येते. देव तर पाली त्रिपिटकातही, म्हणजे बौद्धांच्या जुन्या ग्रंथांतही आहेत: सक्क म्हणजे इंद्र, ब्रह्मा सहंपती. पण तेही जन्मतात, मरतात; आणि ‘धम्म शिकवा’ म्हणून ब्रह्माच बुद्धाला विनवतो! मला हे फार मोलाचं वाटतं. देव आहेत, पण जगाचा कर्ता कुणी नाही.

देहूरोडला बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती २५ डिसेंबर १९५४ रोजी बसवली. मूर्ती आहे, पण नवस बोलायला नव्हे. त्यांच्या मांडणीत बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. बुद्ध विष्णूचा अवतार नाही, हेही त्यांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत स्पष्ट आहे.

माझा कल देहूरोडकडे. तरी कार्ल्याच्या त्या लाकडी कमानींखाली स्तूपाला प्रदक्षिणा घालताना आवाज आपसूक खाली येतो.