फेडरवाला कंट्रोलर की एन्कोडरवाला? आयपॅडवर नाटकाचं संगीत ऑपरेट करणाऱ्यांसाठी

आयपॅडवर लूपी प्रो किंवा एयूएम (आवाजाचे तुकडे वाजवायची आणि मिसळायची अ‍ॅप्स) बसवलंय, नाटकाचे सगळे पीस त्यात भरून झालेत, तालमीत काचेवर बोट सरकवून काम भागतंय. पण प्रयोगाला बूथमध्ये अंधार असतो, बोट काचेवर नक्की कुठे आहे ते कळत नाही, म्हणून आता हाताला लागेल असा छोटा मिडी कंट्रोलर (मिडी म्हणजे संगीत-यंत्रांची आपसात बोलायची भाषा) घ्यायचाय. इथपर्यंत आलेली मंडळी बहुतेक वेळा दोन नावांवर येऊन अडतात: कोर्गचा नॅनोकंट्रोल २ आणि बेरिंजरचा एक्स-टच मिनी. पहिल्यावर आठ फेडर (वर-खाली सरकणाऱ्या मुठी), आठ नॉब आणि प्रत्येक चॅनलला तीन बटणं. दुसऱ्यावर न अडता गोल फिरत राहणारे आठ एन्कोडर, प्रत्येकाभोवती दिव्यांची कडी, खाली सोळा बटणं आणि कडेला एकच फेडर. दोन्ही यूएसबीवरच चालतात, दोन्ही सॅकमध्ये मावतात. मी दोन्हींवर नाटकं केली आहेत. दोन्ही घेऊन कुणी पस्तावेल असं मला वाटत नाही, तरी माझा कल कुठे आहे ते पुढे लपणार नाही.

फेडरचं सुख आधी सांगतो, कारण ते खरं आहे. पाऊस, लांबून येणारी वरात आणि बासरी अशा तीन गोष्टी एकाच वेळी चालू आहेत, वरात विरत न्यायची, पाऊस तेवढाच ठेवायचा आणि बासरी वर काढायची, हे काम फेडरवर एका हाताच्या बोटांनी होतं. एन्कोडरवर दोन हातांत दोन, बस. ब्लॅकआउटला सगळं एकदम खाली न्यायचं असेल तर तळहात आडवा ठेवून आठही फेडर ओढता येतात. शिवाय फेडर कुठे आहे हे नुसत्या स्पर्शाने कळतं, त्यासाठी दिव्याची गरज नाही. तुमच्या नाटकात एकच सेट आहे, लेव्हल एकदा लावल्या की दोन अंक फारशा बदलत नाहीत, असं असेल तर पुढचं सगळं वाचायचीही गरज नाही. फेडर घ्या.

माझं घोडं अडलं ते प्रवेश बदलताना. समजा पहिल्या प्रवेशात पाऊस ९० वर आहे (मिडीत लेव्हल ० ते १२७ अशा मोजतात). दुसरा प्रवेश सुरू झाला, अ‍ॅपने त्या प्रवेशासाठी साठवलेल्या लेव्हल उचलल्या आणि पाऊस ३० वर आणला. अ‍ॅपचं काम चोख झालं. टेबलावरचा फेडर मात्र अजून ९० वरच उभा आहे, कारण त्याला कुणी हलवलेलं नाही. आता पाऊस किंचित कमी करायचाय म्हणून फेडरला हात लावला, तो ८९ वर आला आणि त्याने अ‍ॅपला तेच सांगितलं. पाऊस ३० वरून थेट ८९ वर. रंगमंचावर त्या वेळी दोन माणसं कुजबुजत असतात.

यावर अ‍ॅपमध्ये पिकअपची सोय असते: फेडर अ‍ॅपच्या मूल्याला शिवेपर्यंत त्याचं काही ऐकायचं नाही. दिवसाढवळ्या, स्क्रीनकडे बघत बसलेल्या माणसाला हे पुरतं. बूथमध्ये आयपॅडचा ब्राइटनेस तळाशी, डोळे रंगमंचावर, आणि तुम्ही फेडर खाली ओढताय. काही होत नाही. अजून ओढता; तरी नाही. मग ३० ला तो पकडतो, तोवर हाताला वेग आलेला असतो आणि पाऊस नाहीसाच होतो. स्केल नावाचा एक मधला प्रकारही काही ठिकाणी असतो, त्यात अ‍ॅपचं मूल्य आणि फेडर हळूहळू जुळत जातात. झेप टळते, पण फेडर जितका सरकला तितका आवाज बदलत नाही, आणि कानाने काम करणाऱ्याला ते विचित्र वाटतं. कागदाची चिकटपट्टी लावून प्रत्येक प्रवेशाच्या खुणा करणे, क्यू शीटमध्ये ‘फेडर ३ खाली आणणे’ असं लिहून ठेवणे, हे उपायही चालतात. पण पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक स्पर्धेतल्या एकांकिकेला मिनिटामिनिटाला प्रवेश तुटत असताना चिकटपट्टी कोण बघणार?

यात कंपनीचा काही दोष नाही. मोटर नसलेला कोणताही फेडर असाच वागणार. अ‍ॅपने त्याला कितीही वेळा ‘३०’ असं कळवलं तरी तो स्वतःहून सरकू शकत नाही. मिडी फीडबॅक, म्हणजे अ‍ॅपने कंट्रोलरकडे परत पाठवलेले संदेश, इथे बटणांच्या दिव्यांपुरता उरतो, आणि ते दिवे नॅनोकंट्रोल २ वर चांगले ऐकतात. फक्त आधी संगणकावर कोर्गचा कंट्रोल एडिटर उघडून एलईडी मोड इंटर्नलवरून एक्स्टर्नलवर न्यायला हवा. इंटर्नलमध्ये बटण स्वतःच ठरवतं दिवा लावायचा की नाही. एक्स्टर्नलमध्ये त्याच सीसी (कंट्रोल चेंज, म्हणजे कोणतं बटण वा नॉब किती मूल्यावर आहे ते कळवणारा मिडी संदेश) क्रमांकावर अ‍ॅपकडून १२७ आला की लागतो, ० आला की विझतो. ‘दिवे लागतच नाहीत’ म्हणून जे वैतागलेले असतात त्यांचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडलेलं असतं.

एन्कोडरची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. मूल्य त्याच्या दांड्याच्या जागेत नसतं, यंत्राच्या आठवणीत असतं. त्यामुळे ते बाहेरून बदलता येतं. एक्स-टच मिनी स्टँडर्ड मोडमध्ये असताना पहिल्या लेयरचे (नियंत्रणांच्या पहिल्या संचाचे) एन्कोडर मिडी चॅनल ११ वर सीसी १ ते ८ पाठवतात. अ‍ॅपने त्याच चॅनलवर, त्याच क्रमांकावर ३० परत पाठवला की कडीतले दिवे ३० वर येतात आणि पुढची फिरकी ३० पासूनच सुरू होते. झेप नाही, पिकअप नाही, शोधाशोध नाही. प्रवेश बदलला की आठही कड्या एकदम नव्या लेव्हल दाखवतात. अंधारात ते बघितलं तेव्हाच माझा निर्णय झाला होता, बाकीचे मुद्दे मी नंतर गोळा केले असं म्हटलं तरी चालेल.

आता हे जुळवायचं कसं. लूपी प्रोमध्ये कंट्रोलरकडे परत संदेश पाठवण्याची सोय आहे, तिथून सुरुवात करा. एयूएमवर मी वेगळा रस्ता धरतो आणि तो मला जास्त भरवशाचा वाटतो. प्रत्येक प्रवेशाच्या आठ लेव्हल मोझेइक या मिडी-स्क्रिप्टच्या अ‍ॅपमधल्या एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवायच्या. एक बटण दाबलं की स्क्रिप्ट ते आठ सीसी बाहेर टाकते. एयूएमच्या मिडी मॅट्रिक्समध्ये (कुठला संदेश कुठे जाईल ते जोडायच्या तक्त्यात) त्या स्क्रिप्टची वाट दोन ठिकाणी जोडायची: एक एयूएमच्या मिडी कंट्रोलकडे, दुसरी कंट्रोलरकडे. एकच संदेश एकाच वेळी दोघांना जातो, म्हणून दोघांत तफावत पडायला जागाच राहत नाही. अ‍ॅपने आधी स्वतःला बदलावं आणि मग यंत्राला कळवावं, ही वाट बघणंच संपतं. स्क्रिप्ट लिहायचा कंटाळा असेल तर स्ट्रीमबायटर या मिडी संदेश बदलणाऱ्या अ‍ॅपवरही असं काही ओळींत करता येतं.

एक खबरदारी इथेच घ्या. कंट्रोलरकडून आलेलं मूल्य पुन्हा कंट्रोलरकडेच पाठवणारी जोडणी मॅट्रिक्समध्ये ठेवू नका. एन्कोडर झपकन फिरवला की ४०, ४५, ५० असे आकडे जातात, तोवर उशिरा परतलेला ४० येऊन कडीला मागे ओढतो, आणि हाताखाली एन्कोडर अडखळल्यासारखा वाटतो. तारेवर हे कमी जाणवतं, ब्लूटूथने जोडणाऱ्या कंट्रोलरवर जास्त. म्हणून फीडबॅक फक्त प्रवेश बदलतानाच जायला हवा; हाताने फिरवताना यंत्राला स्वतःचं मूल्य माहीतच असतं.

एन्कोडरवाल्याच्या खोडीही आहेत, त्या झाकत नाही. कडीत तेरा दिवे आणि मूल्यं एकशे अठ्ठावीस, म्हणजे एक दिवा साधारण दहा पायऱ्यांचा. ५२ आणि ५८ कडीवर सारखेच दिसू शकतात, त्यातला फरक कानानेच धरायचा. बटणांच्या दिव्यांचं जास्त चमत्कारिक आहे: स्टँडर्ड मोडमध्ये बटण दाबलं-सोडलं की यंत्र दिवा आपल्या मताने बदलतं, अ‍ॅपने तो लावून ठेवायला सांगितलेला असला तरी. मी यावर बटण सोडल्यानंतर दिव्याचा संदेश पुन्हा एकदा पाठवतो. चॅनल १ वर नोट ० ते १५ पैकी ज्या बटणाची असेल ती, व्हेलॉसिटी (नोटसोबत जाणारा आकडा) १ म्हणजे लागलेला, २ म्हणजे लुकलुकणारा. केबल जोडताना एमसीचं बटण दाबून धरलं तर यंत्र मॅकी मोडमध्ये (स्टुडिओच्या सॉफ्टवेअरशी बोलायच्या वेगळ्या पद्धतीत) जातं आणि दिवे पूर्णपणे अ‍ॅपच्या हाती येतात हे खरं, पण मग एन्कोडर ‘किती पुढे, किती मागे’ एवढंच सांगतात. तसली भाषा समजणारं अ‍ॅप हवं, आणि माझ्या कामाला स्टँडर्डच सोपा पडतो.

त्याच्या कडेच्या एकुलत्या फेडरलाही मोटर नाही, म्हणजे तो आजार तिथेही आहेच. मी तो मास्टरला जोडलाय. मास्टरची लेव्हल कोणत्याही प्रवेशात साठवायची नाही, ती फक्त हातानेच हलणार, असं ठरवलं की फेडर आणि अ‍ॅप कधी वेगळे पडत नाहीत. आणि ब्लॅकआउटला सगळं एकत्र खाली ओढण्याचं सुखही परत मिळतं. आठ फेडरांवर पाणी सोडताना हीच माझी मोठी धाकधूक होती.

मग मोटरचे फेडरच का नकोत? बेरिंजरच्याच एक्स-टच कॉम्पॅक्टवर नऊ आहेत, प्रवेश बदलला की आपोआप जागेवर जातात, बघायला मजा येते. पण मोठा टेबल लागतो, वेगळा प्लग लागतो, आणि स्पर्धेत आधीच्या संघाचं नेपथ्य उतरत असतानाच आपली मांडणी लावायची असते. शिवाय शांत प्रवेशात नऊ मोटर एकदम हलल्याचा आवाज छोट्या सभागृहात मागच्या रांगेला ऐकू जाईल अशी मला शंका आहे. स्टुडिओसाठी मात्र तो पर्याय जरूर बघा.

लूप आणि क्लिप मारणं हेच ज्यांचं मुख्य काम आहे, लेव्हल नव्हे, त्यांनी या दोन्हींच्या ऐवजी लाँचपॅड मिनीची (रंगीत दिव्यांच्या बटणांची जाळी असलेल्या कंट्रोलरची) तिसरी आवृत्ती बघावी. प्रोग्रामर मोडमध्ये नोटची व्हेलॉसिटी रंग ठरवते, ५ म्हणजे लाल, २१ म्हणजे हिरवा. चॅनल १ वर पाठवली तर रंग स्थिर, २ वर लुकलुकतो, ३ वर मंद उजळत-विझत राहतो. वाजणारी क्लिप हिरवी, रांगेत असलेली लुकलुकणारी, एवढं केलं तरी बूथमधला जीव भांड्यात पडतो. पण त्यावर आवाज कमी-जास्त करणं तितकं सुखाचं नाही, म्हणून तुलनेत मी त्याला धरलं नाही.

विजेचं एक थोडक्यात. जुन्या लाइटनिंग पोर्टच्या आयपॅडला कॅमेरा अडॅप्टर लागतो आणि बरेच दिवे असलेलं यंत्र त्यावर कुरकुरू शकतं. चार्जिंगही सोबत करता येईल असा अडॅप्टर किंवा स्वतःची वीज असलेला हब घ्या. नॅनोकंट्रोल २ या बाबतीत फार कमी खातो, हा त्याचा मोठा गुण. त्याला लागणारी मिनी यूएसबीची केबल मात्र आता कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानात मिळेलच असं नाही, एक जादा बाळगा.

शक्य असेल तर घेण्याआधी दोन्ही कुणाकडून तरी मागून एकेक तालीम करून बघा, आणि ती सलग करू नका. दुसरा प्रवेश अर्ध्यावर तोडून दिग्दर्शकाला सरळ ‘पाचवा घेऊ’ म्हणू द्या, तालमीत ते तसंही म्हणतातच. खोलीतले दिवे बंद ठेवा, पाचव्याचं बटण दाबा आणि पहिलं वाक्य पडायच्या आत पाऊस थोडा कमी करायला हात घाला.